दमाची रेघ

वरसे (रोहा)
ता. १२ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. हौसाअक्का यांस,
शांतीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेले पोह्याचे पापड एस.टी.च्या कंडक्टरने जपून पोचते केले. अर्धे तुमच्या बंधुराजांनी तळायची वाट न बघता भाजूनच संपवले. बहिणीच्या हातचं म्हटलं की यांना मी परकी.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. यांची तब्येत मला बरी दिसत नाही. खोकला दिवाळीच्या आधीपासूनचा. शाळेतून घरी येताना आता देवळाच्या पारावर टेकतात, आणि कुणी विचारलं तर चपलेत खडा गेला म्हणतात. रोज कुठून येतो हा खडा? झोपताना डोक्याखाली दोन उशा लागतात. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला तर हसण्यावारी नेलं. म्हणतात, जो रोज दमाची रेघ गाठतो त्याच्या छातीला काय धाड भरली आहे?

ती रेघ तुम्हाला ऐकून माहीत असेल. हायस्कुलात कबड्डीचा संघ उभा केला तेव्हापासूनचा हा नेम. मैदानाच्या टोकाला उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा आणि कबड्डी कबड्डी म्हणत, मध्ये श्वास न घेता, समोर फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघेपर्यंत धावायचं. पोचला तो संघात. रोज संध्याकाळी आधी सर धावणार, मग मुलं. आणि अक्का, सगळे सांगतात की हे अजून पोचतात! घरी पाण्याची कळशी उचलली तरी धापा टाकणारा माणूस मैदानावर कसा पोचतो, हे मला उमगत नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते.

भावोजींना नमस्कार. आमच्यावर जीव आहे तो असाच राहू द्या.

तुमची,
शांती


पेण
ता. १८ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. शांतीस,
हौसाचे अ. आ. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. इकडे कारखान्यात पुढच्या वर्षाच्या गणपतींची माती मळायला घेतली आहे, पण माझं लक्ष लागेना. आपले दादा असेच गेले गो. तू सासऱ्यांना पाहिलं नाहीस, तेव्हा घरात आली नव्हतीस. बांधावर बसायचे आणि म्हणायचे, काय नाय, जरा वारा खातोय. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. महिपती तर त्यांच्यापेक्षा हट्टी. लहानपणी पायात काटा मोडला तरी घरी सांगायचा नाही.

आता दुसरं ऐक. जिल्ह्याचे कबड्डीचे सामने यंदा पेणला भरणार आहेत, १७ डिसेंबरला. भरवणारा जनू हा महिपतीचाच जुना विद्यार्थी. परवा घरी येऊन सांगून गेला की सामन्यांचं उद्घाटन सरांनीच करायचं, तेही नारळ फोडून नाही, तर भरल्या मैदानात दमाची रेघ धावून. ऐकून माझी छाती फुगली होती. तुझं पत्र वाचून ती सगळी फुशारकी उतरली.

त्याला आधी डॉक्टरकडे ने. भांडावं लागलं तरी भांड, मी तुझ्या बाजूनं आहे.

मुलाबाळांना आशीर्वाद. अक्काला विसरू नये.

हौसा


वरसे
ता. २ डिसेंबर १९७८

ती. सौ. हौसाअक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

कोडं सुटलं, आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय.

गुरुवारी हे मफलर घरी विसरले म्हणून द्यायला मैदानावर गेले. किती वर्षांनी गेले असेन! दमाची रेघ विहिरीच्या कट्ट्यापलीकडे असायची हे मला पक्कं आठवतं. लग्नानंतर यांनी मोठ्या कौतुकानं नेऊन दाखवली होती. परवा ती झेंड्याच्या खांबाच्याही अलीकडे होती. हे धावले, रेघेवर पोचले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना एकही मूल यांच्याकडे बघत नव्हतं, अक्का. सगळी माझ्याकडे बघत होती.

कप्तान मन्सूरला बाजूला घेतलं. त्याचे वडील कुवेतला असतात, पोरगा अर्धा आमच्याच घरी वाढला आहे. तो रडायलाच लागला. म्हणाला, काकी, पावसाळ्यात सर एकदा पोचले नाय. दोन दिवस कुणाशी बोलले नाय. आमच्यानं बघवलं नाय म्हणून रेघ वीतभर अलीकडे मारली. पुढे सरांचा दम कमी पडायला लागला तशी रेघही वीतवीत सरकत गेली. रेघ मारायचं काम कप्तानाचं. हे चष्मा काढून धावतात, आणि आपल्या मुलांनी मारलेली रेघ कधी तपासत नाहीत. तपासायची म्हणजे मुलांवर अविश्वास, असं यांचं म्हणणं.

म्हणजे अक्का, यांना आपण ठणठणीत आहोत असं खरंच वाटतं. त्या जोरावर डॉक्टरला उडवून लावतात, आणि त्याच जोरावर पेणच्या मैदानात पुऱ्या रेघेला धावणार. मला रागवायचं कुणावर तेच कळत नाही. एवढी माया कुणी मास्तरावर केली असेल का?

यांना सांगायचं धैर्य मला नाही. जनूला सांगून तिथली रेघही अलीकडे मारून घ्याल का? एवढा एक दिवस पार पडू दे. मग मी यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेते.

उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

शांती


पेण
ता. ७ डिसेंबर १९७८

चि. सौ. शांतीस,
अ. आ. वि. वि.

मला तुझा राग आला आहे, आधी तेच लिहिते. पोरांचं एक समजू शकते, ती पोरं आहेत. तू त्याची बायको. त्याला समोर बसवून सांग की रेघ खोटी आहे, तुझी छाती बिघडली आहे, धावू नकोस. चार दिवस तोंड फिरवून बसेल. बसू दे. तोंड फिरवायला माणूस असला पाहिजे ना?

तरी जनूशी बोलले आहे. त्याला खरं कारण सांगितलं. रोह्याला आहे तेवढ्यावरच इथली रेघ मारतो असं कबूल करून गेला. पण मला हे पटलेलं नाही. माझ्या मनात सारखं येतंय की आपण सगळे मिळून त्याला कुठेतरी ढकलत नेतोय. एस.टी.त बसायच्या आधी त्याला सांग, शांती. माझी शपथ आहे.

तुझ्यावर रागावले तरी तुझीच,
हौसा


वरसे
ता. १४ डिसेंबर १९७८

ती. सौ. हौसाअक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही सांगू शकले. तुमची शपथ मोडली, मला क्षमा करा.

काल जेवणं झाल्यावर हे कॅनव्हासच्या बुटांना पांढरं लावत बसले होते. मी जवळ जाऊन बसले, सुरुवातही केली की मला काही सांगायचंय. तर हेच बोलायला लागले. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की शाळा सुटेल, मग काय राहील माझ्याजवळ, म्हणाले. पेणला पुरी रेघ धावलो की त्यावर उरलेली वर्षं काढीन. इतक्या वर्षांत यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी दुसऱ्या बुटाची नाडी ओवत बसले.

फक्कीचं तेवढं बघा. रविवारी पहाटेच्या गाडीनं मुलांना घेऊन निघतील. मी देव पाण्यात ठेवून बसणार आहे.

शांती


पेण, सरकारी दवाखाना
रविवार, संध्याकाळ

चि. शांतीस,
आशीर्वाद.

हे पत्र मन्सूर आणतोय. त्याच्या तोंडून शब्द निघणार नाही म्हणून लिहून देते. महिपती आहे. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण आता तुझ्याशी खोटं नको.

जनूनं ठरल्याप्रमाणे रेघ अलीकडे मारली होती. पण परक्या मैदानावर महिपती चष्मा लावून, पावलं टाकत सगळं मोजतो, हे तू कळवलं नव्हतंस. कदाचित तुलाही ठाऊक नसेल, तू कधी बाहेरच्या सामन्यांना गेलीच नाहीस. तो मोजायला लागला आणि रेघेपाशी थांबला. जनूला बोलावून ओरडला की लोकांना फसवता काय रे. जनू गडबडला आणि बोलून गेला की रोह्याला आहे तेवढीच मारली, सर.

महिपतीनं मन्सूरकडे बघितलं. मन्सूरनं मान खाली घातली. मग एकेका पोराकडे बघितलं. कुणी वर बघेना. मग फक्कीची बादली मागून घेतली, होती तिथपासून लांब, मैदानाच्या पार टोकाला गेला, आणि वाकून स्वतःच्या हातानं रेघ मारली.

मी बायकांच्या मांडवातून धावत गेले. हात धरला. म्हटलं, पुरे झालं रे, लोकांना सांग पाय मुरगळला. तो म्हणाला, अक्का, पोरं बघतायत. रागानं नाही म्हणाला. दादा बोलायचे तसं हळू म्हणाला. हात सोडवून घेतला आणि धावला. निम्म्यावरही गेला नाही. दम तुटला तसा स्वतःच थांबला आणि पंचाच्या शिट्टीआधी हात वर केला. दम गेला की आपणच सांगायचं, हे तो पोरांना शिकवतो म्हणे. लोकांना वाटलं, हे सगळं शिकवण्यासाठीच चाललंय. केवढ्या टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांतच तो खाली बसला, आणि मग आडवा झाला.

हृदय फार थकलंय म्हणतात डॉक्टर. आजची रात्र काढली तर मुंबईला हलवू. जनूनं रोह्यात जीप सांगून ठेवली आहे. मन्सूरबरोबर लगेच नीघ. त्या पोराला काही बोलू नकोस, त्यानं दुपारपासून पाणी घेतलेलं नाही.

महिपतीला बोलायची मनाई आहे. तरी शुद्धीवर आला की एकच विचारतो, शांतीला ठाऊक होतं का. दोनदा मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा त्यानं माझा पदर धरला, तेव्हा म्हटलं, ती आली की तिलाच विचार. तेव्हापासून डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत पडलाय. काय सांगायचं ते तू वाटेत ठरव. पण ये.

तुझी,
हौसा