एका अक्षराची दुरुस्ती

मीरा रोड,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

विषय : रविवार दि. २१ जानेवारी २०२४ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी चौदाव्या मजल्यावर झालेला अपमान.

ती. रंभावहिनींस उर्मिलाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण खाली वाकले की उठवायला शेजारीण लागते, आणि माझ्या शेजारी काय आहे ते पुढे येईलच.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं प्रणयकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुम्ही स्वतःच वाचाल. लेकाकडून वाचून घेऊ नका, त्यात त्याच्या आत्याची शोभा आहे. एकवीस महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला.

प्रणयने मला विचारलं, आत्या, घर घ्यायचंय, काय काय बघू? पूर्वी मी त्याला चार पानं टाइप करून दिली असती. कारण मला सगळं कळतं. सॅम्पल फ्लॅटला दारंच लावलेली नसतात, म्हणजे खोल्या ऐसपैस वाटतात, हे मी ओळखलं. त्या रविवारी तुम्हाला सोबत घेऊन माझ्यासाठी फ्लॅट बघायला गेले, तिथला पलंग जेमतेम पाच फुटी केलेला होता, हेही मीच त्यावर आडवी होऊन सिद्ध केलं. (पाय बाहेर आले. सेल्समन हितेश दुसरीकडे बघत राहिला.) कार्पेट एरिया मी टेप लावून मोजला. एवढ्या हुशारीने माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, वहिनी. माझं तर शाळेत नन्सनी पहिल्या बाकावर बसवलं तेव्हापासूनच नाही.

आणि तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "वन्सं, आनी कचरा कुठं टाकाचा?"

हितेश म्हणाला, "माँजी, वो सब हो जाएगा." तुम्ही म्हणालात, "होल ते ठीक हाय, पन कुठं?" आणि मी, तुमची सख्खी नणंद, त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की हिच्याकडे लक्ष देऊ नका, ही खेड्यातली आहे. (आपण दोघी एकाच खेड्यातल्या. फक्त मी तिथून बसने कॉन्व्हेंटला जायची आणि तुम्ही मिठागरावर.) मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही. तुम्ही बोंबलाच्या चटणीचा डबा ओट्यावर ठेवलात, लिफ्टने खाली गेलात आणि शेअर रिक्षा पकडून घरी. अपमान समजायला भाषा लागत नाही, हे मला पस्तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं तपासूनही माहीत नव्हतं.

मग कराराचा मसुदा आला. मी लाल पेन काढलं. बासष्ट पानं, एकशे अठरा चुका! स्वल्पविरामांची तर नुसती उधळण. हितेश मान डोलवत होता, "मॅडम, आपका इंग्लिश एक नंबर." नवव्या पानावर लिहिलं होतं की बेडरूमला लागून 'रेफ्यूस एरिया' आहे. आता इंग्रजीत या शब्दात 'एस' असला की होतो कचरा, आणि 'जी' असला की होतो आसरा. उंच इमारतीत आग लागली तर लोकांनी उभं राहायला मोकळी जागा सोडतात, तो आसरा. मी म्हटलं, मूर्खांना स्पेलिंग येत नाही. 'एस' खोडला, 'जी' घातला, शेजारी सही केली. मनात म्हटलं, वा, उशाशी मोकळी हवा, आणि माणसांची वर्दळ शून्य!

वहिनी, त्या एकशे अठरांपैकी एकशे सतरा चुकाच होत्या.

एप्रिलमध्ये ताबा मिळाला. माझ्या उशाच्या भिंतीपलीकडे चौदाव्या मजल्याचा सगळा कचरा जमतो. सकाळी सहाला ड्रम ओढतात, मी उठते. नया नगरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोकला जायला हवा असेल तर खिडकी उघडी ठेवा. उघडली, तर माशा आल्या. तक्रार करायला गेले की हितेश नववं पान काढतो आणि अतिशय नम्रपणे माझीच सही मला दाखवतो : आम्ही कचराच लिहिला होता, खोडला तो आपणच. ते पान सोसायटीच्या ग्रुपवरही फिरलंय. लिफ्टमध्ये लोक मला 'जी-वाल्या मॅडम' म्हणतात. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलेलं नाही.

तर प्रणयला एवढंच सांगा : टेप ने, वकील ने, आणि आईला ने. आईने प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नको.

आपली,
उर्मिला

ता. क. मी मराठीतून लिहिलंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. लाल पेनाने तपासून परत पाठवलंत तरी चालेल. तो तुमचा हक्क आहे.

ता. क. २. डबा प्रणयबरोबर पाठवतेय. रिकामा परत करू नये म्हणून इतके दिवस ठेवला होता, आणि भरून देण्यासारखं मला काही रांधता येत नाही हे तुम्ही जाणता. आत माझ्या घराची दुसरी किल्ली आहे.

ता. क. ३. खरं काम हे. रविवारी, १६ तारखेला सकाळी अकराला सोसायटीची मीटिंग आहे आणि बिल्डरची माणसं येणार आहेत. मी उभी राहिले की सगळे हसतात. माझ्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला दिल्याचं पत्र सोबत जोडलंय. तुम्ही यावं आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, सगळ्यांसमोर विचारावा. मी तुमच्या बाजूला गप्प बसेन. येणार की नाही ते शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. नसाल येणार तर 'न्हाय' एवढंच लिहा. मी त्यात दुरुस्ती करणार नाही.