न लिहिलेल्या पुस्तकाचा दुसरा खंड

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं मामीकडून कळलं, जीव भांड्यात पडला. हे पत्र मात्र स्वतः वाचा, वाचून दाखवायला तिच्या हातात देऊ नका (कारण पुढे येईल). इकडे सगळे बरे आहेत. माझं विचारू नका. विचारलं नाहीत तरी सांगणारच आहे.

ग्रंथालयशास्त्र शिकवायची पक्की नोकरी सोडून मी प्रकाशनसंस्थेत निघाले तेव्हा हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस असं तुम्ही एकटेच म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. म्हटलं, जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले, आता पुस्तकं जन्माला येतात तिथे जाऊन बघू. टेबलावर 'जनसंपर्क विभागप्रमुख' अशी पाटी आहे (विभागात मी एकटीच). मामा, इथे कुणी वाचत नाही हो. मालक पुस्तक हातात घेतात ते वजन बघायला. विक्रीवाला फक्त मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचतो, तो मजकूर मी लिहिते, आणि मला पुस्तक दाखवलेलं नसतं. हस्तलिखित वाचायला मिळेल का, असं मी संपादकांना विचारलं तर त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांचा पगार विचारला. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तर झालं असं की आगामी पुस्तकांची पुस्तिका काढायची होती. डिझायनरला मांडणी कळावी म्हणून मी एक नोंद नमुन्यादाखल लिहून दिली. आता नमुना म्हटलं की माझ्या हाताला एकच सवय. वर्गीकरणाच्या सरावासाठी मी वर्गात खोटी पुस्तकं रचून द्यायची (खरी फार सोपी पडतात). त्यातलं माझं लाडकं, दरवर्षी परीक्षेत हमखास येणारं, म्हणजे 'शेजाऱ्याशी अबोला: तत्त्व आणि व्यवहार, खंड दुसरा'. निम्मी मुलं ते मानसशास्त्रात घालायची, काही कायद्यात, एकाने युद्धशास्त्रात घातलं आणि मी त्याला पैकीच्या पैकी दिले. तेच इथेही खरडून दिलं, वर ठळक अक्षरांत 'नमुना' लिहून. डिझायनरला तो शब्द पानावर खुपला. त्याने काढून टाकला, आणि पुस्तिका छापून गावभर गेली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मालकांसमोर जाऊन सगळं कबूल केलं, आता हाकलणार असं धरून चालले होते. ते म्हणाले, सगळ्यात जास्त मागणी ह्यालाच आहे, हस्तलिखित कुठाय? मी म्हटलं, साहेब, असं पुस्तकच नाहीये. ते म्हणाले, ते समजलं, पण हस्तलिखित कधी येणार? विक्रीवाला दुकानदारांना सांगत सुटलाय की त्याने ते एका बैठकीत वाचून काढलं. एका समीक्षकाने तर छापूनच टाकलं की दुसरा खंड पहिल्याची उंची गाठत नाही. माझीच जुनी विद्यार्थिनी, हल्ली एका मोठ्या ग्रंथालयात आहे, तिची मागणी आली. फोन करून म्हटलं, अगं, हे आपलं परीक्षेतलं. ती म्हणाली, हो ना मॅडम, केवढं गाजलेलं असणार, मी कॉलेजपासून ऐकतेय. मी फोन ठेवला आणि घटाघटा पाणी प्यायले. हे असं शिकवलं मी.

आता मालकांनी स्पष्ट सांगितलंय की महिनाअखेर हस्तलिखित टेबलावर नसेल तर मला कायम करणार नाहीत. कॉलेजातली जागा कधीच भरली, तिथली नवी बाई माझ्याच नोट्स वाचून दाखवते म्हणे. घरी अजून कुणाला बोललेले नाही. आधी रडू येतं, मग हसू येतं, मग पुन्हा रडू. बाकी क्षेम. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

तुमची,
मूर्ख भाची

ता. क. पुस्तिकेत लेखक म्हणून कोण छापलाय ते सांगायचं राहिलं. तुम्ही. आडनावासकट. रागावू नका. वरच्या मजल्यावरच्या काकांशी तुमचा अबोला मी शाळेत असल्यापासून बघतेय, ह्या विषयात दुसरा अधिकारी माणूस मला सुचला नाही. तेव्हा हात जोडते, खंड दुसरा लिहून द्या. लहान चालेल, टाइप मोठा घेऊ. पहिला कुणी मागितला तर संपला म्हणून सांगू.

ता. क. आणखी एक. मामीला इतक्यात सांगू नका. तिला वाटेल अर्धं पुस्तक तिच्यावर आहे.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहितेय. वरचे काका आत्ता ऑफिसात येऊन गेले, हातात आमची पुस्तिका. मला वाटलं, आता कोर्टकचेरी. ते म्हणाले, पोरी, मला पहिला खंड हवाय. आमचं कशावरून बिनसलं तेच मला आठवत नाही, आणि इतक्या वर्षांनी विचारायचं कुणाला. त्यात लिहिलं असेल तर वाचतो, चूक माझी निघाली तर खाली उतरून माफी मागतो. संपला म्हणायला माझी जीभ वळली नाही. मामा, तुम्हाला तरी आठवतंय का? आठवत असेल तर लिहा, माझी नोकरी वाचेल. आठवत नसेल तर पुस्तक राहू द्या आणि जिना चढा. माझं मी बघते.