ओळखलं का?

२७ सप्टेंबर १९९९

आणलं एकदाचं यांना घरी! इंदूरहून टॅक्सीने. देवास येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते. त्यात सकाळीच धारहून वन्संचा फोन — "पितृपक्षात कशाला आणताय घरी?" हॉस्पिटलवाल्यांना सांगा म्हणावं!

मेंदूला सूज होती ती उतरली. ताप गेला. चालतात, जेवतात, चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करतात. बाहेरून माणूस तोच. फक्त आठवण राहत नाही. सकाळचं दुपारी नाही, दुपारचं संध्याकाळी नाही. आणि मागची दहाएक वर्षं तर साफ पुसली गेलीत, असं डॉक्टर म्हणाले.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्षदाला धीर कुठला! चौदा वर्षांची घोडी, पण दारातच विचारते — "बाबा, ओळखा बरं, मी कोण?" यांनी निरखून पाहिलं. हसले. म्हणाले, "कुसुम!"

कुसुम म्हणजे कुसुमावती, यांची पाठची बहीण, त्याच माझ्या धारच्या वन्सं. अक्षदा त्यांच्यावरच गेलीय — तेच नाक, तीच हनुवटी. आम्ही सगळे हसलो. अक्षदाही हसली.

माझं तर काय, मी हॉस्पिटलपासूनच "सिस्टर". शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी बसून विचारलं होतं, ओळखलंत का? म्हणाले, "हो, सिस्टर." तेच चिकटलं.

३० सप्टेंबर

माणसांची रीघ. कंपनीतले, कॉलनीतले, महाराष्ट्र मंडळातले. हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर केळी, आणि तोंडात एकच प्रश्न — "काय शरदराव, ओळखलं का?" आपली माणसं आजाऱ्याला भेटायला येतात की परीक्षा घ्यायला, देव जाणे!

यांचे चुलतभाऊ भैयासाहेब सोनकच्छहून आले, ते तर खुर्ची ओढून समोरच बसले. "भिया, मेरे को भी भूल गया? सांग, सांग, मी कोण?" यांनी घाबरून एकामागून एक नावं घेतली. प्रत्येक नावाला भैयासाहेब नकाराची मान हलवत होते. जाताना मला म्हणाले, "वहिनी, दिमागाला जोर द्यायला पाहिजे. जोर दिला की येतं."

मलाही तसंच वाटतं. इतकी वर्षं शाळेत मी पोरांना हेच तर सांगत आलेय — आठव, आठव, येतंय तुला.

३ ऑक्टोबर

अक्षदाने यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. कंपनीत ड्राफ्ट्समन ना हे. हाताने आपसूक पेन्सिल धरली आणि बघता बघता दात्यांचं चाक काढलं, एकेक दाता सारखा. मी चहा आणायला आत गेले. परत येते तो हे कागद लांब धरून कौतुकाने बघतायत. "कोणी काढलंय हे? हात चांगला आहे याचा."

हसावं की रडावं! दोन्ही केलं, स्वयंपाकघरात जाऊन.

६ ऑक्टोबर

इंदूरला दाखवायला नेलं. तिथे मानसशास्त्राची नवीन बाई आलीय, मोना. मराठी घरातली, पण बोलते हिंदीच. माणूस शिकतो कसा, विसरतो कसा, याचाच अभ्यास केलाय म्हणे तिने. दिसायला पोरसवदा. मी आपलं मोठ्या अभिमानाने सांगितलं — रोज सकाळ-संध्याकाळ विचारतो आम्ही यांना, मी कोण, मी कोण! ती कपाळाला हात लावायचीच काय ती राहिली. "आंटी, पूछना बंद कीजिए. आज से. बिल्कुल."

तिचं म्हणणं असं. आपण चुकलो की चुकल्याचं आपल्याला लक्षात राहतं, म्हणून पुढच्या वेळी सुधारतो. यांना चुकल्याचं लक्षातच राहत नाही. पण तोंडातून जे निघालं त्याची मेंदूत वाट मात्र पडते. पुढच्या वेळी तेच आधी निघतं. "रोज़ पूछ-पूछकर आप लोग इन्हें 'कुसुम' ही पक्का करा रहे हैं."

म्हणजे आठवण नसली तरी शिकणं चालूच आहे! आणि आम्ही सगळे मिळून त्यांना चूक शिकवतोय.

मग करायचं काय? तर विचारायचं नाही. अंदाज करू द्यायचा नाही. उत्तर आपणच आधी सांगायचं, त्यांनी नुसतं मागून म्हणायचं. मग हळूहळू आपण कमी सांगायचं. नुसतं नाव आधी, नातंबितं नंतर. आणि एका वेळी एकच माणूस. "पहले किसका नाम सिखाएँ?" तिने विचारलं. मी अक्षदाकडे बघितलं. म्हटलं, हिचं.

बरोबरच केलं. मी काय, सिस्टर तर सिस्टर. पण परतताना बसमध्ये मला फार फार वाईट वाटलं. इथे लिहायला कोणाची चोरी आहे!

७ ऑक्टोबर

सुरुवात. अक्षदा पुढ्यात बसून — "मी अक्षदा. म्हणा, अक्षदा." "अक्षदा." परत. परत.

शाळेत मी वर्गाला विचारलं, सात अट्ठे? आणि कोणी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, छप्पन! पोरं बघतच राहिली.

१० ऑक्टोबर

"अक्ष—" एवढं तिने म्हणायचं, पुढचं यांनी. जमतंय!

१५ ऑक्टोबर

आज अक्षदा नुसती समोर जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. हे म्हणाले, "अक्षदा."

पोरगी नाचली! मी देवापुढे साखर ठेवली.

१९ ऑक्टोबर, दसरा

दाराला कडी घालून बसायला हवं होतं. पण सोनं द्यायला आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं? मी एकेकाला उंबऱ्यातच सांगत होते — काही विचारू नका हं, आपलं नाव सांगा. "हो हो, वहिनी." आणि आत जाऊन, आपट्याची पानं यांच्या हातात देऊन — "ओळखलं का?" जिभेला सवयच ती!

मंडळाचे यशवंतराव सगळ्यांवर कडी. त्यांनी अक्षदालाच पुढे ओढली. "आमचं सोडा. ही कोण, ही? नीट विचार करून सांगा!" मी "नको, नको" म्हणेपर्यंत सगळे यांच्याभोवती गोळा झाले होते. सगळ्यांचे डोळे यांच्या तोंडाकडे. हे गोंधळले. कपाळावर घाम आला.

"कुसुम?"

"अरेरे," म्हणाले यशवंतराव, "अजून काही सुधार नाही." नाही कसा? होता! तुम्ही यायच्या आधी होता!

२० ऑक्टोबर

कुसुम.

२१ ऑक्टोबर

कुसुम.

२५ ऑक्टोबर

अक्षदा शिकवायला बसत नाही. म्हणते, "नाही येणार त्यांना. त्या मोनाबाईलाही काही येत नाही." मी ओरडले. तीही ओरडली — "तुझं बरंय! तुला सिस्टर म्हटलेलं चालतं!" माझा हात वर गेला होता. कसाबसा खाली घेतला.

हे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "सिस्टर, लहान आहे ती. रागावू नका."

रागवायचं तरी कोणावर? वाईट कोणीच नाही यात. सगळे मायेनेच विचारतात. मेंदूत काय चाललंय ते मोनाने इतकं छान समजावलं. समजलंही. पण समजून होतं काय?

२८ ऑक्टोबर

एसटीडी बूथवरून मोनाला फोन केला. "फिर से शुरू कीजिए, आंटी. एकदम शुरू से." म्हटलं, किती दिवस लागतील? म्हणाली, "पता नहीं." इतक्या डॉक्टरांत पहिल्यांदा कोणी खरं बोललं.

संध्याकाळी बघते तो अक्षदा आपणहून पुढ्यात बसलेली. "मी अक्षदा. म्हणा."

१० नोव्हेंबर, धार. भाऊबीज.

वन्संना मी फोनवर आधीच बजावलं होतं. फणकारल्या होत्या — "माझ्या दादाला मी माझं नाव सांगायचं? एवढी का परकी झाले?" आम्ही पोचलो तरी तोंड फुगलेलंच. पण ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या आणि एकदम आवाज मऊ झाला त्यांचा. "दादा, मी कुसुम हो." अक्षदाला त्यांनीच शेजारी उभी केली. तीही म्हणाली, "मी अक्षदा."

दोन्ही नाकं, दोन्ही हनुवट्या एका ओळीत! हे किती वेळ बघत होते. मग वन्संकडे बोट — "कुसुम." अक्षदाकडे — "अक्षदा." कोणी विचारलं नव्हतं!

वन्संनी ओवाळायचं ताट तसंच खाली ठेवलं. "वहिनी, चुकलं हो माझं," म्हणाल्या. मी त्यांना जवळ घेतलं.

परतताना धारच्या बसस्टँडवर अक्षदा मुद्दाम यांच्या समोरून ये-जा करत होती. दर खेपेला हे म्हणायचे, अक्षदा. शेजारची बाई हसायला लागली. हसू दे.

१६ नोव्हेंबर

सकाळी अक्षदा शाळेला निघाली. दारातून हात हलवला. हे म्हणाले, "नीट जा हं, अक्षदा." ती उड्या मारतच गेली.

फाटक लागल्याचा आवाज आला. मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड पोर आहे, सिस्टर. माझ्या मुलीचं नावही अक्षदाच. चार वर्षांची आहे. घरी वाट बघत असेल माझी."