दिलजमाईचा अर्थ

प्रिय ठमे,

तुझ्या पत्रात प्रश्न एकच: बाबांचा आणि तुझ्या नवऱ्याचा समेट झाला का? आणि खाली दमदाटी, की झाला नसेल तर तिथल्याच हॉस्पिटलात कायमची नोकरी धरते आणि नवऱ्यालाही तिकडेच बोलावून घेते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

अगं, समेट तर कधीच झाला. जावईबापूंनी चष्म्याच्या दुकानातलं काच घासायचं जुनं यंत्र बाबांना न विचारता भंगारात दिलं, त्यावरून भांडण झालं, त्यानंतर आठवड्याभरातच शेजारच्या शिंपीमामांनी दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले. तडजोडही ठरली: बाबा गल्ल्यावर, जावई आत मशीनवर. पण त्या दिवसापासून घराची रया गेली. लेकासारखं अरे-तुरे करणारे तुझे बाबा त्याला ‘अहो, आपण जेवून घ्या’ म्हणायला लागले. तोही खाली मान घालून ‘हो जी’. दोन पाहुणे आणि मध्ये वाढणारी मी. भाजीत मीठ पडलं नव्हतं, तरी दोघं निमूट जेवले. मला रडूच आलं.

लहानपणी तू पेपरात ‘दिलजमाई’ वाचून विचारलं होतंस, हा कोणाचा जमाई? तेव्हा मी हसले होते. खरा अर्थ मलाही परवाच कळला.

परवा एक मास्तर नवा चष्मा घालून दारावरच आदळले. डावी काच उजवीकडे, उजवी डावीकडे. बाबांचा पारा चढला. अरे गाढवा, डोळे काय भाड्याने दिलेस का, म्हणून ओरडले. जावईही गप्प बसेना. काचांच्या पाकिटावर डावं-उजवं उलटं तुम्हीच लिहिलंत, बाबा, म्हणून त्याने पाकीटच नाचवलं. मी डबा घेऊन दारातच उभी. आणि पाकीट बघता बघता बाबांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. जावई खुर्चीत कोसळून हसतोय, बिचारे मास्तर चष्म्याविना विचारतायत, कोण हसतंय हो? रात्री पानावर दोघांनी आमटीला नावं ठेवली. एकाच सुरात. मी सुखावले.

तेव्हा समेट चारचौघांत होतो, तडजोड कामापुरती होते. दिलजमाई झाली की माणसं पुन्हा हक्काने भांडतात. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर.

पण मी लिहायला बसले ते त्यांच्यासाठी नाही. त्या यंत्राच्या भांडणात मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने तोंड उघडलं नाही, हे तुला लागलंय. तू बोलली नाहीस, पण तेव्हापासून पत्रात लिहितेस, ‘तब्येत सांभाळावी, औषधे वेळेवर घ्यावीत’. घ्यावीत? मी काय तुझी हेडबाई आहे? असं गोड नको लिहूस गं, सहन होत नाही. नोकरी कुठे धरायची ते तुझं तू ठरव. पण त्याआधी एकदा घरी ये, आणि माझ्याशी कडाकडा भांड.

तुझीच,
आई