सील न फोडलेली तबकडी

३ जून
पोचले एकदाची, आणि घर पाहून जीव हरखला. ताईने किती घाबरवून सोडलं होतं. गावाबाहेरचं घर, अनोळखी माणसं, या वयात कसली नोकरी धरतेस म्हणे. आता तिला कळवते की इथे उशासुद्धा दोन दिल्यात.

विटांचं घर, वर दोन खोल्या, त्यातली एक माझी. खाली पॅकिंगची खोली, स्वयंपाकघर आणि एक लांबलचक बोळ. बोळात दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत एलपी रेकॉर्डी, सगळ्या जॅझ आणि ब्लूजच्या. मी तिथेच बॅग टाकली आणि कव्हरं बघत बसले. मालकीणबाईंना मी लगेच वहिनी म्हणायला लागले. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा मी फरशीवर फतकल मारून बसले होते.

खिडकीतून मागची शेड दिसते. तिथे तबकड्या छापायचा प्रेस आहे, गेल्याच वर्षी घेतलेला. तापलेल्या दोन पाट्यांमध्ये काळा गोळा ठेवतात, पाट्या मिटतात, उघडल्या की तबकडी तयार. मग वाफ सुटते आणि प्रेस एक लांब शिट्टी मारतो. ती शेवटी आवंढा गिळल्यासारखी तुटते. झडप सदोष आहे, पण ते मालकांना सांगून उपयोग नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं आणि तिथेच दोन्ही कान गेले. ठार बहिरा माणूस संगीताची कंपनी चालवतो, हे ऐकून मला इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं. ओठ बघून बोलणं समजतात. मला म्हणाले की आजपासून तू या घराचा कान. लगेच कानबाई नावही पडलं.

बोळाच्या टोकाला मालकांच्या थोरल्या भावाचा फोटो आहे, हातात सॅक्सोफोन. घरात नुसतं दादा म्हणतात. तरुणपणी तीन एलपी काढल्या, कुत्र्याने विचारलं नाही. मग बऱ्याच वर्षांपूर्वी ते समुद्रात बुडाले, देहही मिळाला नाही, आणि तेव्हापासून त्याच तीन एलपींवर संग्राहक तुटून पडलेत. जिवंतपणी दोन टाळ्या वाजवल्या असत्या तर काय बिघडलं असतं मेल्यांचं?

६ जून
माझं काम ताईला कधीच कळणार नाही, म्हणून इथे लिहिते. मी धुणंभांडी करते, फक्त आवाजाची. जुनी टेप मशीनवर लावायची, ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, आणि खरखर, टकटक, खुर्चीची करकर, सगळं उपसून काढायचं. काढलेलं फेकायचं नाही. ते वेगळं साठवायचं आणि एकदा तरी ऐकायचं, कारण घाणीबरोबर संगीतही गेलं नाही ना, हे तिथेच कळतं. आम्ही त्याला गाळ म्हणतो. गाळ ऐकणं म्हणजे महाकंटाळवाणं काम.

मालकांना एका पेटीत दादांच्या जुन्या टेपा सापडल्यात म्हणे, कधीच बाहेर न आलेल्या. त्याच आता एकेक करून निघतात. मागच्या माणसाने यातल्या दोन केल्या आणि तो काम सोडून गेला. वेडा असणार.

आज एक संग्राहक आला होता. हातमोजे घालून. एकाच एलपीच्या दोन प्रती घेतल्या. मला वाटलं, एक ऐकायला आणि एक ठेवायला. तर नाही, दोन्ही ठेवायलाच. वरचं प्लास्टिकचं सील फोडलं की प्रत वाया गेली म्हणे. मी विचारलं, मग ऐकता कधी? माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पोरीला पळवायला आलेय. मी इथे कान फोडून एकेक टकटक वेचायची, आणि हे लोक ते कपाटात ठेवून पूजा करणार. चिडचिड झाली.

११ जून
नवीन टेप. एक संथ ब्लूज, मागे काही नाही, नुसते दादा आणि त्यांचा श्वास. मी रडले. खरंच रडले, वहिनींनी पदर पुढे केला.

फक्त मध्येमध्ये एक बसका धप्प आवाज येतो, आणि त्यानंतर सूर तडकतो, मग आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. माईकच्या स्टँडला कुणाचा तरी पाय लागत असणार. मी शोधून शोधून सगळे धप्प काढले, तडकलेले सूर सांधले, आणि कुठे टाका दिसेल तर शपथ. मालक खूश झाले. सॅक्सोफोन सोडून जे जे असेल ते काढत जा म्हणाले. वहिनींनी टेप ऐकली आणि तशाच उठून आत गेल्या. त्यांना दीर आठवला असेल, असं मी मनात म्हटलं.

गाळ ऐकायचा राहिलाय. उद्या.

१४ जून
आज गाळ ऐकला. तीन दिवस टाळला, आणि माझ्या आळसाला मीच शिव्या देतेय.

संगीत वजा केल्यावर जे उरलं ते असं. धप्प. माणसाचं कण्हणं. पुन्हा धप्प, आणि या वेळी काहीतरी मोडल्याचा आवाज. रडत घेतलेला श्वास. बाईचा आवाज, पुरे करा, पुरे करा असं म्हणणारा, आणि तो वहिनींचा. स्टँडला पाय लागत नव्हता. वाजवणाऱ्याला कुणीतरी मारत होतं, आणि तो मार खात वाजवत होता, आणि मी ते टकटक म्हणून पुसून टाकलं.

आणि सगळ्याच्या मागे, अगदी बारीक, एक लांब शिट्टी. शेवटी आवंढा गिळून तुटणारी.

तेवढ्यात शेडमध्ये प्रेसने तीच शिट्टी मारली. हातातला कप खाली गेला. टेपच्या डब्यावर तारीख आहे दादा बुडाले त्याच्या आधीची. प्रेस आला गेल्या वर्षी.

दादा बुडालेले नाहीत. ते याच घरात आहेत.

१५ जून
वहिनींच्या मनगटावर निळे वळ आहेत. विचारलं, तर दार लागलं म्हणाल्या. घरात जेवणारे आम्ही तिघं आणि त्या ताटं वाढतात चार. चौथं झाकून तळघरात जातं. मांजरासाठी म्हणाल्या. या घरात मांजर नाही.

फोन मालकांच्या टेबलावर, आणि ते समोरून हलत नाहीत. पळून गेले तरी पोलिसांना काय सांगू? शिट्टी ऐका म्हणू? माझा कान चुकत नाही, पण एकदा डोळ्यांनी बघायला हवं. परवा दुपारी ते पार्सलं टाकायला जातात. तेव्हा खाली जाते. भीती वाटतेय. पण गेल्याशिवाय राहवणार नाही.

१८ जून
खालून लिहितेय. वही एप्रनच्या खिशात राहिली. पेन्सिल वहिनींनी दिली.

काल खाली आले. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मधे जुनं टेप मशीन, माईक, आणि माईकसमोर खुर्चीत दादा. फोटोतला माणूस, पण आतून सगळा काढून घेतलेला. घोट्याला साखळी. अंगभर जुने-नवे वळ, एका बाजूच्या बरगड्या आत गेलेल्या. फक्त तोंड आणि बोटं धडधाकट. ती मालक जपतो. ती वाजवायला लागतात.

मला पाहून दादा ओरडले नाहीत, सोडव म्हणाले नाहीत. आधी विचारलं की मागची एलपी लोकांना आवडली का. मी म्हटलं, फार आवडली. त्यांचा चेहरा उजळला. मला हुंदका आवरेना.

त्यांच्याकडूनच कळलं. भाऊ म्हणाला होता, थोडे दिवस मेल्याचं नाटक करू, रेकॉर्डी खपतील, मग परत ये. खपल्या. मग परत यायचं कुणाला सोयीचं नव्हतं. माझ्या आधीचा माणूसही असाच खाली आला होता. तो कोपऱ्यात फरशीखाली आहे.

फोन करायला मी वर पळाले. जिन्याच्या तोंडाशी मालक उभे होते. वहिनींनी सांगितलं नव्हतं, मीच घाईत तळघराचा दिवा लावून ठेवला होता. जिन्याच्या झरोक्यातून तो रस्त्यावरून दिसतो. त्यांनी मला केसांना धरून शेडमध्ये नेलं. पाट्या तापलेल्या होत्या. डावा हात—

उजवा कामासाठी ठेवलाय. मांस जळल्याचा वास जात नाही. माझाच आहे.

२० जून
ताईचा फोन आला होता. त्याने वहिनींना सांगायला लावलं की मी काम सोडून गेले. म्हणजे कुणी शोधणार नाही.

२२ जून
आज तो वाजवून घेत होता. मला बघायला बसवलं. त्याला सूर ऐकू येत नाही. तो मशीनवरच्या काट्याकडे बघतो. आवाज मोठा की काटा वर, आवाज पडला की काटा खाली. काटा पडला की तो सळई घालतो. पाठीवर, मांड्यांवर, पोटात. दादा किंचाळले तरी काटा वर जातो आणि तो मान डोलावतो. त्याला दोन्ही सारखंच.

२५ जून
दादा गेले.

मला मारायला तो वळला तेव्हा दादा मधे पडले. सॅक्सोफोन भावाच्या डोक्यात घातला. चांगला घातला, कपाळ फुटलं. मग त्याने तोंड आणि बोटं जपणं सोडलं. आधी बोटं. मग तोंड. सळईने, मग पायाने, मग पुन्हा— जबडा बाजूला लोंबत होता तरी तो थांबेना. माझ्या अंगावर दात उडाले. मी ओरडत राहिले, वहिनी जिन्यावर ओरडत राहिल्या.

टेप चालू होती. काटा वर होता.

२६ जून
त्याने कॉम्प्युटर खाली आणला आणि टेप समोर ठेवली. दादांची शेवटची टेप म्हणून काढायची, मर्यादित प्रती, सगळ्यात जास्त हीच खपेल. साफ कर म्हणाला. डोक्याला पट्टी, आणि चेहरा अगदी रोजच्यासारखा.

मी साफ केली. पहिल्या बाजूला दादांचा ब्लूज. अगदी निर्मळ, मी जन्मात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला गाळ. सगळा. एकेक घाव, हाडं, किंकाळ्या, भावाच्या नावाने केलेली विनवणी. शेवटी, तो वर गेलेला असताना, मी माईकशी तोंड नेऊन सांगितलं, आम्ही कुठे आहोत, कोणी मारलं, किती जण फरशीखाली आहेत.

त्याने काटा बघितला. छान नाचतोय म्हणाला.

२९ जून
त्याने पहिली छापलेली प्रत वहिनींना ऐकायला लावली. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पूर्ण. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं संपलं. त्या डोळे पुसून म्हणाल्या की काही दोष नाही, छापा.

वहिनी, तुमच्या पाया पडते.

५ जुलै
वर प्रेस चालूय. शिट्टी, शिट्टी, शिट्टी. प्रत्येक शिट्टीला दादांची एक किंकाळी बाहेर जातेय. हात सुजून काळा पडलाय, वास मारतो. पण मला चक्क आनंद होतोय. कुणीतरी ऐकेल. एवढे लोक, एकाने तरी.

१० जुलै
सगळ्या प्रती गेल्या. वहिनी सांगून गेल्या. आता येतील. पोलीस. ताई.

१६ जुलै
कुणी नाही.

१९ जुलै
कुणी नाही. ताप. मला कळलं. आता कळलं. हातमोजे— सील— ते फोडत नाहीत. कपाटात ठेवल्यात सगळ्या. दादा मरतायत, प्रत्येक घरात, प्लास्टिकच्या आत, आणि कुणी—

मलाच ठाऊक होतं. मीच हसले होते त्यांना.

२१ जुलै
एकाने उघडली.

वहिनी धावत खाली आल्या. एकाने सील फोडलं, दुसरी बाजू लावली, आणि पहिल्याच घावाला सुई उचलली. फोन केला. वहिनींनीच घेतला. तो म्हणाला दुसऱ्या बाजूला फार खरखर आहे, प्रत बदलून द्या. वहिनींनी हात जोडून सांगितलं की पुढे ऐका, शेवटपर्यंत ऐका. त्याने फोन ठेवला. आणि मग त्याने पत्र टाकलं. मालकांच्या नावाने. कळवायला, की असली खराब तबकडी—

पत्र वर पोचलंय.

वर टेबल उलथलं. वहिनी दाराला पाठ लावून उभ्या आहेत. मी टेप सुरू केलीय, दुसरं काही सुचलं नाही. काटा हलतोय. माझ्याच श्वासाने.

दार हललं— वहिनी खाली पडल्या, उठत नाहीत— तो उतरतोय, सळई भिंतीला घासत— ऐकणाऱ्या, सुई उचलू नकोस. हे खरखर नाही. शेवटपर्यंत ऐक. सुई उच