टाकीतला बांध

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
बीपी १५४/९६. डॉक्टरांनी विचारलं, कसलं टेन्शन आहे का? म्हटलं, नाही. धाकट्या भावाने, महेशने, निफाडच्या शेताच्या मोजणीचा अर्ज केला आहे, तेवढंच. दोन वर्षं आमचं बोलणं नाही, पण ते टेन्शन नव्हे, ती शांतता आहे. डॉक्टर म्हणाले, घरात मासे ठेवा आणि बघत बसा.
निश्चय: मासे आणायचे. या वहीत बांधाचा विषय काढायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
तीन फुटी टाकी घेतली. मासे दोन निवडले. एक झेब्रा सिक्लिड. अंगावर काळे पट्टे, चेहरा विचारी. दुसरा रेड टेल शार्क. काळाकुट्ट, शेपूट लालभडक, नावालाच शार्क, लांबी बोटाएवढी. दुकानवाला अश्विन म्हणाला, "काका, दोन्ही जागा धरणारी जात आहे. एका टाकीत नांदायचे नाहीत. एक कुठला तरी घ्या." मी हसलो. ओझरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सुपरवायझर आहे. एका मशीनवर दोन युनियनची माणसं नांदवली. हे तर मासे.
टाकीतलं पाणी आठ दिवस मुरू द्या म्हणाला. देणार.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाच दिवस पुरे झाले. मासे आणून सोडले. नावं ठेवली: पट्टेदार आणि लालशेपट्या. पट्टेदाराने उजवीकडचं मडकं धरलं, लालशेपट्याने डावीकडचं लाकूड. दुपारपर्यंत पाठलाग सुरू. लालशेपट्या जन्मजात अतिक्रमणवाला दिसतो. साधना म्हणाली, "अहो, त्याला धाकटा ठरवूनच आणलंय वाटतं." असं काही नाही. पट्टेदार थोरला वाटतो, एवढं मात्र खरं.
इलाज सोपा आहे. मध्ये हद्द आखायची. हद्द स्पष्ट दिसली की भांडण संपतं. हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो. साधना म्हणाली, "मग मोजणीची नोटीस फ्रिजवर का पडली आहे?"
माणसांचा प्रश्न वेगळा असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
निफाडला शेतावर. सोयाबीन निघालं, नांगरट करून घेतली. ट्रॅक्टरवाल्या गेणूला सांगितलं, बांधावर गवत माजलंय, जरा साफ करून घे. तो म्हणाला, "दादा, बांध लय बारीक झाला हाय. अजून घेतला तर चाक महेशभाऊंच्या बागेत जाईल." म्हटलं, स्वच्छता महत्त्वाची. वीतभर गेला असेल. दरवर्षी तेवढाच जातो.
महेश पलीकडे द्राक्षबागेत उभा होता. बघत होता. त्याची तक्रार काय, तर औषध मारायला गेलेला ट्रॅक्टर आता ओळीच्या टोकाला वळत नाही. ट्रॅक्टर वळवायला कौशल्य लागतं.
परतताना बांधावर छान दगड सापडले. नारळाएवढे, चुना लावलेले. कुणाचेच नसावेत, एका रेषेत नुसते पडून होते. पाच डिकीत टाकले. टाकीची सोय झाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
टाकीत बांध घातला. खाली तीन दगड, वर दोन. पट्टीने मोजून अठरा इंच इकडे, अठरा तिकडे. चुना घासून काढला, फटींत थोडा राहिला. दोन्ही मासे आपापल्या जागी. कारखान्यातून रजा घेऊन हे काम केलं, त्याचं सार्थक झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
बांध डावीकडे सरकला आहे. उजवीकडे वीस इंच, डावीकडे सोळा. हे काम लालशेपट्याचंच. बांध स्वतःच आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि नाव पट्टेदाराचं पुढे करायचं. हा स्वभाव मी ओळखतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी चहा घेताना प्रत्यक्ष पाहिलं. पट्टेदार बांध ओलांडून डावीकडे जातो, दगडांच्या बुडाची वाळू तोंडात भरतो, उजवीकडे आणून टाकतो. पुन्हा जातो. दगड आपोआप तिकडे कलतात. किती कष्टाळू! साधनाला म्हटलं, बघ, साफसफाई करतोय. तिला चहाचा ठसका लागला. पाणी आणून दिलं तरी थांबेना.

२ डिसेंबर, मंगळवार
बावीस–चौदा. लालशेपट्या फिल्टरच्या मागे उभा असतो. शेपटीचा तुकडा गेला आहे. सहानुभूती मिळवायचे प्रकार. अश्विनला फोन केला. म्हणाला, "काका, पट्टेवाला खणतोय आणि वर मारतोय. एकाला बाहेर काढा, नाहीतर काळा जाईल." म्हटलं, पट्टेदाराची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा? फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

७ डिसेंबर, रविवार
महेशची वेदिका आली होती. फेब्रुवारीत तिचं लग्न. लहान होती तेव्हा माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवायची. म्हणाली, "तात्या, पाच जानेवारीला पत्रिका छापायला जाणार. निमंत्रकांत सगळ्यात वर तुमचं नाव घालायचं का? पप्पा विचारणार नाहीत, म्हणून मी आले." म्हटलं, त्याने मोजणीचा अर्ज मागे घ्यावा, मग बघू.
ती उठली. टाकीसमोर जाऊन बसली. दगड निरखत म्हणाली, "या दगडांना चुना मी लावला होता, तात्या. आजोबांच्या खुणेवर पप्पांनी ठेवले होते." पोरीचा हात पहिल्यापासून चांगला आहे. टाकी तिला इतकी आवडली की चार फोटो काढले. चारही दगडांचे.
जाताना वाकून नमस्कार केला. पेढ्यांचा बॉक्स न उघडता ठेवून गेली. मीही उघडला नाही. शुगरचं बघावं लागतं.

१५ डिसेंबर, सोमवार
बीपी १६०/१००. साधना आठ दिवस "ताट वाढलंय" याशिवाय बोललेली नाही. आज बोलली. "काळ्याला मी बादलीत काढलाय. तुमच्या पट्टेदाराला सगळी टाकी लखलाभ."
लालशेपट्या बादलीत चक्क खायला लागला.
पट्टेदार अजून खणतोच आहे. आता कुणाची वाळू आणतोय?

३० डिसेंबर, मंगळवार
मोजणी. मी फक्त बघायला गेलो होतो. तिपाईवर यंत्र होतं. साहेबांनी विचारलं, जुन्या खुणा कुठे आहेत? महेशने मोबाइल पुढे केला. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाले, "अहो, यात मासा दिसतोय." सगळे हसले. गेणू सर्वांत जास्त. माझ्या डिझेलवर जगतो आणि हसतो.
निकाल: माझं वावर महेशच्या बाजूला साडेतीन फूट शिरलेलं. यंत्र नवीन असावं.
सगळे चहाला गेल्यावर मी बागेच्या टोकाला उभा राहून पाहिलं. दोनदा पावलं मोजली. ट्रॅक्टर खरंच वळत नाही.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार
बीपी १३२/८४. डॉक्टर खूश. म्हणाले, माशांचा गुण आला. मी चूक दुरुस्त केली नाही.
घरी येऊन टाकीतले पाचही दगड काढले, पुसले, गॅलरीत उन्हात ठेवले. पेढ्यांचा बॉक्स उघडला. पेढे कडक झाले होते. दोन खाल्ले.

४ जानेवारी, रविवार
निफाडला. दगड डिकीत, लालशेपट्या बादलीत, बादली साधनाच्या मांडीवर. निफाडची थंडी म्हणून तिने बादलीला स्वतःची शाल गुंडाळली. माझा मफलर आठवणीने आण म्हटलं होतं, तो विसरली.
वेदिकाने चुना कालवून ठेवला होता. साधनाने आधीच फोन केलेला दिसतो. तिला म्हटलं, उद्या पत्रिका जाणार ना? जागा असेल तर नाव घाल. म्हणाली, "जागा सोडलेलीच होती, तात्या." मला चुन्याचा त्रास होतो, डोळ्यांतून पाणी आलं.
घरात तिने छोटी टाकीही भरून ठेवली होती. महेशने बादलीत डोकावून पाहिलं. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य: "याची शेपूट कुणी खाल्ली ते मी विचारत नाही." साधना आणि वेदिका एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. तेवढं हसण्यासारखं काय होतं?
मग बांधावर गेलो. टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी. म्हणाला, "दादा, टेप ताण." ताणलेलीच होती. चार दगड त्याने लावले. पाचवा मी लावला, अगदी रेषेत. महेशने एक डोळा मिटून वाकून पाहिलं, आणि दगड पायाने चार बोटं माझ्याकडे ढकलला.
चार बोटं मी घेतलीच नव्हती. दोन होती.