पट्टीच्या दातांना लावलेली हळद

आबा,

आज तुमच्या गिरणीच्या खोलीत नवा कॉम्प्युटर चालू झाला. तो चालू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि आता चालू झालाय तर तुम्हाला सांगावंसं वाटतंय. घरात ऐकून घेणारं कुणी नाही असं नाही. पण त्या खोलीत काही नवं घडलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगायची सवय, ती तुम्ही गेल्यावरही मोडली नाही. माझी शाळा पाचवीपर्यंतची, तेव्हा अक्षराकडं बघू नका.

गिरणी आता बंद आहे. गावात घरोघरी घरघंट्या आल्या आणि दळणाचे डबे यायचे थांबले. तुमची मशीन कोपऱ्यात आहे, तिच्यावर मी धुतलेलं कापड टाकून ठेवतो. समोरच्या टेबलावर आता सूनबाई बसते. पीकविमा, सातबारा, पोरांच्या परीक्षांचे अर्ज, सगळं ती भरून देते. पूर्वी डब्यांची रांग लागायची, तशी आता माणसांची लागते, आणि मी दाराशी स्टुलावर बसून कुणाचा नंबर आधी ते बघतो. एवढंच काम मला उरलंय, पण त्यासाठी मी रोज आंघोळ करून, टोपी घालून वेळेवर येतो. मनात मात्र सारखी धास्ती असते, की एखाद्या दिवशी ती म्हणेल, मामा, तुमी आता घरीच बसा.

जुना कॉम्प्युटर फार रेंगाळायचा. चालू केला की माणूस चहा पिऊन परत यायचा, तरी तो उठलेला नसायचा. मग सूनबाईनं बीडहून एकेक भाग आणला, एसटीत मांडीवर घेऊन आली. मी म्हटलं, "आगं, तयार मिळत न्हाई का?" तर म्हणाली, "मिळतो की. पण मामा, तुमी बैलगाडी तयार आणलती का सुताराकडून जोडून घेतलती?" मी खोकी उचलून टेबलावर नेऊन ठेवली.

तुम्हाला कसं सांगू, कॉम्प्युटरच्या पोटात एक जागा असते, तिथं सगळं साठवतात. जुन्यात तिथं एक तबकडी होती, ती आपल्या दगडासारखी गरगर फिरायची. कान लावला की घरघर ऐकू यायची, म्हणून मला तिचा भरवसा वाटायचा. नव्यात फिरणारं काही नाही. त्याला एसएसडी म्हणतात. तिनं दोन आणले. एक बोटाएवढी पट्टी, तिच्या टोकाला सोनेरी दात. ती आतल्या बोर्डावरच्या खाचेत बसवायची. दुसरी चपटी डबी, तिला वायर लागते. ना दगड, ना पट्टा, ना आवाज. मला तेव्हाच काळजी वाटली. ज्याचा आवाज येत नाही ते चालतंय की मेलंय, हे ओळखायचं कसं?

सगळं जोडायच्या आधी ती हात धुवायला गेली. मी घरून हळद-कुंकवाची कोयरी आणलीच होती. गिरणीत नवं काही आलं की तुम्ही ओल्या बोटानं हळद लावायचात आणि ती तोंडाशीच लावायचात, जिथून दाणा आत जातो तिथं. तुम्ही म्हणायचात, मशीनचं तोंड गोड तर घर गोड. मी पट्टीचं तोंड शोधलं. सोनेरी दात दिसले, तिथं बोट फिरवलं. कुंकवाकडं हात नेला तोच तिची पावलं वाजली, आणि मी कोयरी मागं लपवली. पिवळ्यावर पिवळं, तिला काहीच दिसलं नाही. तिनं पट्टी खाचेत सारली, बारीक स्क्रू पिळला.

कॉम्प्युटर लावला, पडदा उजळला. पडद्यावरच्या यादीत डबी दिसली, पट्टी दिसेना. तिनं बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. "दुकानदारानं खराब माल दिला की काय," ती पुटपुटली. मी कोयरी स्टुलाखाली सारली. बाहेर दोन माणसं अर्ज घेऊन उभी होती, त्यातला एक पाटलाच्या वाड्यावरचा म्हातारा. तो म्हणाला, "काय हो, बंद पडली का गिरणी परत?" मी त्याला पाणी प्यायला दिलं म्हणजे तो गप्प बसेल.

सूनबाई दुकानदाराला फोन लावायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. बिचाऱ्याला उगाच बोल बसला असता. मी म्हटलं, "त्याला काई बोलू नको. मी हळद लावलीय."

"कशाला?"

"पट्टीला. दाताला."

मी मनातल्या मनात स्टूल उचलून घरी निघालोही होतो. मग तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मामा, नवरीला लावत्यात ती हळद. हिला कावून लावली, हिचं लगीन हाय का?" दारातला म्हातारा हसायला लागला. तिनं पट्टी काढली, पोराच्या कंपासातलं खोडरबर घेतलं आणि दात हलक्या हातानं घासले. तुम्ही दगडाला टाकी लावून धार करताना जसं डोकं कलतं करायचात, तसंच तिचं डोकं कलतं झालं होतं. खाच कोरड्या ब्रशनं झाडली. पट्टी दिसली.

आणि डबी गेली.

आबा, आता मात्र मी हाय खाल्ली. मला वाटलं, माझ्या हळदीनं बिघडलेली एक सुधारली तर दुसरी रुसली. पट्टी काढली की डबी दिसे, पट्टी बसवली की डबी नाहीशी. "सवती हायत जणू," ती म्हणाली. वायर बदलून बघितली, तरी तेच. शेवटी बोर्डासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक तिनं काढलं, बोट ठेवून वाचत गेली आणि एका ओळीशी थांबली. "मामा, तुमच्या हळदीचा काई संबंध न्हाई. या खाचेत पट्टी बसली की ह्ये वायरीचं भोक आपोआप बंद होतं. दोघांची वाट एकच हाय."

मला एकदम लग्नसराईतली ती दुपार दिसली. बायांची रांग रस्त्यापर्यंत गेलीय. ज्वारीची गिरणी चालू आहे, डाळीची थांबलीय आणि तुम्ही पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी उभे आहात. एक जण विचारते, "दुसरी कावून चालवत न्हाई?" तुम्ही म्हणता, "इंजिन एकच हाय बाई. पट्टा हिच्यावर घातला की तिला बसून राहावं लागतं." ती म्हणते, "मग दुसरी आणली कशाला?" तुम्ही म्हणता, "पहिलीला धाक राहावा म्हणून." सगळी रांग हसते.

ते मी सूनबाईला सांगितलं. ती हसली, म्हणाली, "आपल्याकडं भोकं मोप हायत," आणि डबीची वायर दुसऱ्या भोकात लावली. दोघी दिसल्या.

ती लगेच बाहेरच्या माणसांचे कागद त्यात टाकायला निघाली, तर मी पुन्हा मध्ये पडलो. म्हटलं, "नव्या दगडाचं पहिलं दळण गिऱ्हाइकाला देत न्हाईत. त्यात दगडाची कच असते. ते गुरांना घालतात." मला वाटलं आता नक्की चिडेल. तिनं थोडा विचार केला. "बरोबर हाय. आधी टाकून बघावं काहीतरी. तुमच्या भजनांचं रेकॉर्डिंग टाकते, गुरांना चालंल ते." म्हातारा पुन्हा हसला. मीही हसलो. माझी भजनं डोळ्याची पापणी लवायच्या आत तिकडं गेली आणि तिकडून माझाच बेसूर आवाज खोलीभर वाजला. मग तिनं त्या म्हाताऱ्याचा अर्ज भरला.

संध्याकाळी खोली झाडताना तिनं माझं स्टूल दारापासून उचललं आणि टेबलाजवळ, नव्या मशीनशेजारी ठेवलं. "दारात ऊन लागतं," म्हणाली. बाकी काही नाही. मी हो म्हटलं आणि झाडू तिच्या हातातून घेतला.

हे कागद मी वाया गेलेल्या अर्जांच्या पाठीवर लिहितोय. घडी करून तुमच्या मशीनच्या वरच्या पेटीत ठेवीन, जिथं आपण दळण ओतायचो. तिथं कुणी हात घालत नाही.

एक सांगायचं राहिलं. विजेची मोटार बसवली त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा तिला हात लावून बघत होतो, तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "कावून सारखं चाचपतो रं? तापली तर वास येईल की." तुमचं खरं होतं. पण या नव्याचा वास येत नाही, आवाजही येत नाही. सूनबाई चहाला उठली की मी हळूच त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवतो. थोडं कोमट लागतं. तेवढ्यावर मला बरं वाटतं.